बिनदुधाचे आप्पा

कोल्हापुरात राहून दूध सोडायचं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाशी अबोला धरायचा. इथं गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी येतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि कोमट, फेसाळ पेला उभ्या उभ्या रिकामा होतो. तो पिणाऱ्याला ‘दूध पचत नाही’ असं वाक्य मराठीत आहे हेच ठाऊक नसतं. अशा गावात आप्पांनी साठीनंतर दूध सोडलं. नुसतं सोडलं असतं तर गल्लीला पत्ताही लागला नसता. त्यांनी दुधाशिवायचं आइस्क्रीम करायला घेतलं.

त्यातून आप्पा कोण, तर पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावच्या दूध संस्थेत हयात घालवलेले टेस्टर. सकाळ-संध्याकाळ रांगेतल्या प्रत्येक किटलीतलं थोडं दूध घ्यायचं, त्याची फॅट काढायची, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग, काढायची आणि रजिस्टरात मांडायची. म्हशीला 6 फॅट आणि 9 एसएनएफ, गाईला साडेतीन आणि साडेआठ, हे आकडे ते झोपेतही सांगतील. मशिन यायच्या आधीचा काळही त्यांनी पाहिलेला. काचेच्या नळीत गंधकाचं आम्ल, त्यावर पावणेअकरा मिलिलिटर दूध, वर मिलिलिटरभर अमाइल अल्कोहोल. मग नळी गरगर फिरवायची आणि वर आलेला स्निग्धांश पट्टीवर वाचायचा. टेस्टरला गावात मान असतो, मित्र नसतात. फॅट कमी लागली की शेतकरी म्हशीवर संशय घेत नाही, टेस्टरवर घेतो. आप्पांचे सख्खे थोरले भाऊ, ज्यांना सगळी भावकी दादा म्हणते, ते या संशयी मंडळींचे म्होरके. धाकट्या भावानं आयुष्यभर आपली फॅट मारली, हे त्यांचं मत ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात, आणि आप्पाच त्यांना वाढत असतात.

निवृत्तीनंतर आप्पा मुलाकडे शहरात आले आणि पोट कुरकुरू लागलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की दुधातली लॅक्टोज नावाची साखर पचवणारा रस वयाबरोबर कमी होतो, जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं असंच असतं, घाबरण्यासारखं काही नाही. दूध कमी करा, दही थोडं चालेल, तुपाला हरकत नाही. आप्पांनी पुढचं काही ऐकलंच नाही. जन्मभर ज्या एसएनएफचे आकडे त्यांनी इमानानं मांडले, त्याच एसएनएफच्या पोटात हा लॅक्टोज दबा धरून बसला होता, हे त्यांना फार लागलं. घरात कुणी फितूर निघावं तसे ते आठवडाभर गप्प होते. मग चहातलं दूध गेलं, दही गेलं, ताक गेलं. तूप राहिलं. तूप म्हणजे निव्वळ फॅट, लॅक्टोज नावापुरता, असा त्यांनी स्वतःच निवाडा दिला. निवाडा बरोबरच आहे. पुरणपोळीच्या दिवशी दिला होता, एवढंच.

या जातीची माणसं तुमच्याही ओळखीत असतील. एखादी गोष्ट सोडली की तिच्यावाचून राहून दाखवणं त्यांना पुरत नाही. ती नसताना हुबेहूब तीच करून दाखवायची असते. मटण सोडलेले गृहस्थ फणसाच्या भाजीला मटणाचा मसाला घालून ‘ओळखा पाहू’ म्हणतात आणि आपण ओळखलं की नाराज होतात. आप्पा त्याच गोत्रातले, फक्त त्यांच्याकडे मोजमापाची शिस्त होती.

सुरुवात केळ्यापासून झाली, कारण केळ्यानं सगळ्यांचीच सुरुवात होते. साल काळवंडू लागलेली केळी चकत्या करून फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवायची आणि सकाळी मिक्सरमधून काढायची. आधी भुगा होतो, मग भांड्याला चिकटलेला गोळा होतो, मिक्सर रडायला लागतो, काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहतात, आणि नेमकं आता बंद करावं असं वाटतं तेव्हाच तो गोळा सैल पडून लोण्यासारखा मऊ होतो. केळ्यातल्या पेक्टिनची ही करामत. साखर नाही, साय नाही, काही नाही. आप्पांचा पहिल्या दिवशीचा आनंद मी पाहिला आहे. त्यांनी ती वाटी घेऊन गल्लीत चार घरं पालथी घातली. पण केळ्याचा एक स्वभाव आहे. त्याच्याबरोबर आंबा घाला, चिकू घाला, स्ट्रॉबेरी घाला, शेवटी खाणारा म्हणतो, “केळ्याचं छान झालंय.” मिक्सरची मोटर जळाली त्या दिवशी केळी मागे पडली. नवा मिक्सर काकूंनी आणला आणि त्यावर ‘फक्त चटणी’ असं खडूनं लिहून ठेवलं.

आणि मग रजिस्टर निघालं. जुन्या संस्थेतलं कोरं राहिलेलं दूध संकलनाचं जाडजूड रजिस्टर, रकाने छापलेले: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. आप्पांनी चाखणाऱ्या प्रत्येकाला सभासद करून घेतलं. मी सभासद क्रमांक 7. ‘लिटर’च्या रकान्यात वाट्या, ‘फॅट’मध्ये मऊपणा, ‘एसएनएफ’मध्ये चव. ‘दर’ या रकान्यात तोंडावरचा भाव लिहिला जाई. आपण काय बोललो याला आप्पा काडीचीही किंमत देत नसत. पहिला घास गिळताना भुवई कुठं गेली तेवढं टिपत. “बोलण्यात पाणी असतंय,” ते म्हणत. पाणी घातलेलं दूध पकडण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला कौतुकातलं पाणी कळणारच.

आकडा मात्र अजून हाती नव्हता. तो आणला त्यांच्या भाच्यानं. भाचा साखर कारखान्याच्या शेती खात्यात. ऊस तोडणीला आला का हे पाहायला त्याच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर असतो, मुठीत मावणारी दुर्बीण म्हणा. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा, आत पट्टीवर ब्रिक्स दिसतो, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर ते. गाळप हंगाम संपला होता, यंत्र रिकामं पडलं होतं. आप्पांनी ते हातात घेतलं आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांची पाठ ताठ झालेली दिसली.

कारण फळ गोठवण्याचा सगळा खेळ साखरेवर आहे. साखर गोडीसाठी असते हा आपला समज; तिचं खरं काम पाण्याला पुरतं गोठू न देणं हे. कमी पडली तर दगड, जास्त झाली तर लापशी. 25 ते 30 ब्रिक्सच्या दरम्यान रस आणून ठेवला की गोठल्यावर चमचा आत जातो. हापूसचा रस 18 भरला. किलोला 123 ग्रॅम साखर घातली की तो 27 वर येतो, हा हिशेब आप्पांनी माझ्यासमोर तोंडी केला. कलिंगड बिचारं 9 वर अडलेलं, त्याला किलोला पाव किलो साखर. शिवाय थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, म्हणून गोठवण्याआधीचा रस तोंड वळेल इतका गोड लागायला हवा. शेजारच्या मधुमेही गुरुजींनी तो चाखला आणि हाय खाऊन बिनसाखरेचं करून मागितलं. आप्पांनी समजावलं, गुरुजी ऐकेनात. मग त्यांना कलिंगडाचं बिनसाखरेचं दिलं. ते वाटीतून सुटेना. चमचा वाकला. अखेर गुरुजींनी ती वाटीच दुखऱ्या गुडघ्यावर धरली. रजिस्टरात नोंद आहे: ‘सभासद क्र. 11. चव समजली नाही. गुडघ्याला उतार.’

पुढं साखरेच्या जागी काकवी आली, आणि हा शोध खरा आप्पांचा. काकवीत उसाच्या साखरेचा बराच भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेला असतो, आणि या दोन्ही साखरा वजनाला वजन धरलं तर पाण्याला जवळजवळ दुपटीनं गोठू देत नाहीत. परदेशातले हलवाई त्यासाठी अशाच फुटलेल्या साखरेचा पाक विकत आणतात. आपल्याकडे तो गुऱ्हाळावर किटलीत मिळतो. फक्त काकवी घातलेला हापूस दिसायला तपकिरी होतो आणि पाहुणे विचारतात, “गूळ-आंबा का?”

घरचा फ्रीझर उणे 18 पर्यंत जातो खरा, पण सावकाश गोठवतो. सावकाश गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि जिभेवर रवा लागतो. तुपाला रवाळ म्हटलं तर करणारीच्या अंगावर मूठभर मांस चढतं. आप्पांच्या वाटीला कुणी रवाळ म्हटलं की ते दोन दिवस जेवत नाहीत. यावर उपाय म्हणून माळ्यावरचा लाकडी पॉट खाली आला. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, गोणपाटात घालून फोडायची, तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ. मिठानं बर्फ वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, पारा उणे वीसच्या आसपास जातो. तोवर मधला डबा हातानं फिरवत राहायचा. फिरवायला नातवंडं. आप्पा स्टुलावर थर्मामीटर घेऊन. हँडलच्या या पॉटचं पेटंट 1843 साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईंनी घेतलं होतं, असं मी सहज बोलून गेलो. काकू म्हणाल्या, “बाईच असणार. घरात रोज कुणीतरी बाप्या येऊन ‘झालं का, झालं का’ विचारत असणार. म्हणाली असेल, हे हँडल धर आणि गप फिरीव. मी सांगतो तुम्हाला.”

काकूंचा खरा राग नारळाच्या दुधावर. आमच्याकडे नारळाचं दूध काढलं म्हणजे पांढरा रस्सा होणार, हे लहान पोरालाही कळतं. आप्पांनी रविवारी सकाळी दोन नारळ खवून दूध काढलं, तेव्हा घरातल्यांनी तांबडा कोण करणार ते ठरवलं, मुलगा मटण आणायला पिशवी घेऊन निघाला, आणि आप्पांनी त्या दुधात फणसाचे गरे वाटले. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

घट्ट नारळाच्या दुधात वीस टक्क्यांच्या आसपास फॅट. हा आकडा कळल्यावर आप्पांना राहवेना. किटली भरून ते जुन्या संस्थेत गेले आणि ‘जरा लावून बघ’ म्हणाले. हल्लीचा टेस्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं हात जोडले. “आप्पा, मशिन गाई-म्हशीवर लावलंय. नारळाची फॅट बघून उद्या ते गावाला वीस-वीस दाखवाय लागलं तर संस्था बुडंल.” रांगेतल्या एकानं मात्र असा नारळ कुठं मिळतो याची चौकशी केली.

नारळाची अडचण अशी, की त्याचं तेल चोवीस-पंचवीस अंशांखालीच थिजतं. गोठवलेल्या वाटीत ते कडक होऊन बसतं आणि तोंडात वितळायला वेळ घेतं. फळ गिळून होतं, फॅट मागं राहते. “टाळूला तेल घालायचं असतंय ते खरं,” काकू म्हणाल्या, “पण वरनं.” मग काजू भिजवून वाटून घालणं झालं. आजरा-चंदगडचा काजू, चव खरोखरच उत्तम, साईच्या अगदी जवळ जाणारी. पण एका खेपेच्या काजूत घरातला दोन-तीन दिवसांचा दुधाचा रतीब निघतो, हे काकूंनी न मागता सांगितलं.

शेवटी ग्वार गम आला. म्हणजे गवारीच्या बियांची पूड. लिटरभर रसाला दोन-तीन ग्रॅम पुरते, पाणी धरून ठेवते, बर्फाला मोठं होऊ देत नाही. ही गोष्ट आप्पांनी नातवंडांपासून लपवून ठेवली, कारण गवारीच्या भाजीवरून त्या घरात रोज एक लढाई होते. पण काकूंपासून काही लपत नाही. श्रावणी सोमवारी त्यांच्या भजनी मंडळाच्या बायकांनी केळी-नारळाचं उपासाचं म्हणून दोन-दोन वाट्या खाल्लं, आणि नंतर आप्पा अभिमानानं बोलून गेले, की यात गवार आहे. भजन थांबलं. गवार उपासाला चालत नाही. एक मावशी म्हणाल्या, “पण ही भाजी कुठं आहे? पूड आहे.” दुसरीनं विचारलं, “भगरीचं पीठ चालतं, मग हिनंच काय केलंय?” तिसरी म्हणाली, साबुदाणा तरी कुठल्या झाडाला लागतो ते दाखवा आधी. चर्चा आरतीपर्यंत चालली. ज्यांनी खाऊन संपवलं होतं त्यांच्या मते चालतं. एक बाई उशिरा आल्या होत्या, त्यांच्या मते अजिबात चालत नाही. बहुमतानं ठराव झाला.

या सगळ्यात आप्पांचा एकच प्रश्न ठरलेला. तुमचा चमचा तोंडात असतानाच ते पुढं वाकून विचारतात, “दुधाची आठवण येते का?” याला उत्तर नाही. ‘येते’ म्हणावं, तर त्यांना वाटतं दुधाची उणीव भासली. ‘नाही’ म्हणावं, तर दुधासारखं झालं नाही. मी एकदा ‘थोडी येते’ म्हणालो. त्यांनी ‘थोडी’चा आकडा मागितला. आणि कुणी भाबडेपणानं म्हणालं, “झकास झालाय हो गोळा,” तर संपलं. गाडीवरचा बर्फाचा गोळा आणि आपली 27 ब्रिक्सची वाटी एका पंगतीला बसवणाऱ्या सभासदाचं नाव लाल शाईनं कापलं जातं. आमच्या गल्लीत अशी तीन नावं आहेत आणि त्यांतलं एक त्यांच्या जावयाचं आहे.

माझं मत कुणी विचारलेलं नाही, पण सांगतो. आप्पांच्या हातची सगळ्यात सुरेख चीज म्हणजे करवंदाची, आणि तिच्याखालोखाल जांभळाची. त्यांत नारळ नाही, काजू नाही, गवार नाही. करवंदं शिजवून गाळून घ्यायची, साखर, कणभर मीठ, आणि पॉट. रंग असा, की पांढऱ्या सदऱ्यावर सांडला तर सदरा बोहारणीलाही देता येत नाही. पहिला चमचा दात आंबवतो, दुसरा कानशिलापर्यंत जातो, आणि मे महिन्यातल्या डोंगराच्या सड्यावर उभं राहिल्यागत वाटतं. ती वाटी हातात असताना दुधाचा विचार डोक्यात येत नाही, चांगला नाही की वाईट नाही. आणि नेमकी हीच वाटी आप्पांच्या लेखी बिनमोल, म्हणजे कमी मोलाची. “त्यात काय,” ते म्हणतात, “नुसतं फळ तर आहे.” जे करायला त्यांना काही सोंग आणावं लागलं नाही, ते त्यांना केल्यासारखंच वाटत नाही. रजिस्टरात करवंदाच्या नोंदी शेवटच्या पानांवर, ‘किरकोळ’ या सदराखाली आहेत.

ती करवंदं आणायचे दादा. गावाकडून दर दुसऱ्या दिवशी नातवंडांसाठी दुधाची किटली घेऊन येत, उन्हाळ्यात बरोबर टोपीभर करवंदंही. बिनदुधाचं आइस्क्रीम हा त्यांना गोठ्याचा अपमान वाटे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी किटली खाली ठेवून काळजीनं विचारलं होतं, “आप्प्या, म्हस आटली का काय रं?”

“आटली नाही, दादा. हे मुद्दाम बिनदुधाचं आहे.”

“मुद्दाम? वैरण हाय, म्हस हाय, दूध हाय, आन् तू मुद्दाम न्हाई म्हणतूस?” त्यांनी माझ्याकडे वळून डोक्याजवळ बोट फिरवलं. “चाखतो का” म्हटल्यावर ते ताडकन उठून परसदारी पाय धुवायला गेले. त्यांचं पाय धुणं दर खेपेला बराच वेळ चालतं, एवढंच तेव्हा माझ्या लक्षात आलं. परसदारी काकू असतात आणि पॉटही तिथंच असतो.

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडच्या दूध संस्था सभासदांना वर्षभराच्या दुधावर दराचा फरक वाटतात. आप्पांनीही वाटायचं ठरवलं: वाटीमागं पाच काजू. वसुबारसेच्या सकाळी ते अंगणात टेबल मांडून बसले, पुढं रजिस्टर, बाजूला काजूचा डबा आणि सह्यांसाठी शाईचं पॅड. आम्ही रांगेत. माझ्या एकवीस वाट्या झाल्या होत्या, एकशे पाच काजू मिळाले. गुरुजींना एका वाटीचे पाच. त्यांनी ती वाटी खाल्ली नसल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं, आप्पांनी गुडघ्याचं म्हणून दिले. मग नाव पुकारलं गेलं: सभासद क्रमांक 4. कुणी पुढं येईना. आप्पांनी चष्मा वर करून दाराकडे पाहिलं. दादा किटली हातात घेऊन उंबऱ्यातच थांबले होते.

“एकेचाळीस वाट्या,” आप्पा म्हणाले. “सगळ्यांत जास्त. सगळ्या किरकोळ खात्यात.”

गल्ली दादांकडे बघू लागली. काकू परसदारी काहीतरी राहिलंय म्हणून आत गेल्या. दादांच्या मानेवरची शीर टरारली. मला वाटलं, आता हे नाकबूल करणार.

“एक्केचाळीस?” दादा गरजले. “आप्प्या, हितंबी माप मारलंस व्हय? करवंदाच्या टायमाला मी येकेका खेपंला दोन-दोन खाल्ल्यात. ह्या एक-एकच धरल्यात!”

आप्पांचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांना पुन्हा कामावर घेतलं. त्यांनी बोटाला थुंकी लावून पानं मे महिन्यापर्यंत मागं उलटली, रजिस्टर दादांकडे वळवलं आणि पेन कानामागून काढलं.

“कुठली वाटी राहिली, तारीख सांग.”

दादांनी किटली बाजूला ठेवली, टोपी काढून गुडघ्यावर घातली, आणि अक्षय्य तृतीयेपासून बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली.